आखाती भरतीचा धंदा : टायपिस्ट, परवानाधारक, आणि मग परवाना परत

जुना_परवाना

भाचीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी विचारलं, "आपण काय करायचात?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या सौ.नं सांगून टाकलं, "एक्स्पोर्टचा बिझनेस होता." छत्तीस वर्षं मी माणसं परदेशी नोकरीला पाठवली. त्यातली तेवीस वर्षं परवाना माझ्या स्वतःच्या नावावर होता. घरात त्याला एक्स्पोर्ट म्हणतात. त्याच रात्री ठरवलं की एकदा सगळं लिहून काढायचं.

सुरुवात टायपिस्ट म्हणून झाली. साल १९८३, माहीम, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. एक टेलेक्स (तारेवरून टाइप केलेले निरोप पाठवायचं यंत्र), दोन टाइपरायटर, आणि जिन्यावर सकाळी आठपासून पन्नास-साठ माणसं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात रस्ते, बंदरं, रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि इकडे मुंबईत अशा खोल्या. तोवर आपल्याकडे कायदा होता तो १९२२ चा. मी चिकटलो त्याच वर्षी, ३० डिसेंबरला, नवा एमिग्रेशन ॲक्ट लागू झाला. परवान्याशिवाय परदेशी भरती करणं गुन्हा ठरलं. मालक आठवडाभर कपाळाला आठ्या घालून फिरत होता आणि मी अर्ज टाइप करत होतो, कार्बन घालून, सात-सात प्रतींत.

बाहेरच्यांना वाटतं की आम्ही विमानाची तिकिटं विकतो. तसं नाही. तिकडच्या कंपनीकडून 'डिमांड' येते : वीस शटरिंग कारपेंटर, पंधरा स्टील फिक्सर, दहा पाइप फिटर, पगार इतके रियाल, खाणं-राहणं कंपनीचं, करार दोन वर्षांचा. सोबत आमच्या नावे मुखत्यारपत्र. मग जाहिरात. या धंद्याचं वेगळं वर्तमानपत्रच मुंबईतून निघतं, असाइनमेंट्स अब्रॉड टाइम्स. गावाकडची माणसं त्यावर लाल पेनानं गोल करून, चौघडी घालून खिशातून घेऊन यायची. मग मुलाखत, ट्रेड टेस्ट, मेडिकल, व्हिसा स्टँपिंग, प्रोटेक्टरचं, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं, क्लिअरन्स, तिकीट. यात एक कागद अडला की माणूस मुंबईत लॉजवर पडून, आणि लॉजचं मीटर चालू.

ट्रेड टेस्ट हा माझा आवडता भाग. पाइप वेल्डरची 'सिक्स जी' टेस्ट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला असतो. तो हलवायचा नाही, वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं. वरून, बाजूनं, खालून मान वाकडी करून, एकाच जोडात सगळ्या पोझिशन. साकीनाक्याच्या एका शेडमध्ये मे महिन्यात बिहारच्या एका पोरानं हा जोड असा मारला की कंपनीचा परीक्षक, साठीचा इंग्रज, टॉर्च लावून आतून मुळाचा टाका, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला थर, बघत बसला आणि मग त्यानं नुसता त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. पगार कुणी वाढवून दिला नाही, तो भाग वेगळा.

फसवणूकही इथंच व्हायची. टेस्ट द्यायला एक येणार, विमानात बसणार दुसरा. म्हणून आम्ही तुकडा कापायच्या आधीच त्यावर ठोकणीनं नंबर उमटवायचो आणि तोच नंबर पोराच्या फोटोमागे लिहायचो. तरी दोनदा फसलो.

थांबतो. वाचणारं कुणी असेल तर पुढचं लिहीन. १९९६ चा परवाना, आणि त्याआधीचा १९९० चा ऑगस्ट.

शंकासुर

म्हणजे वहिनी खोटं बोलल्या नाहीत. एक्स्पोर्टच की! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दापोलीकर

वाचतोय. आमच्या गावात अजून घरांची नावं तशीच आहेत : कुवेतवाल्यांचं घर, दोहावाल्यांचं घर. ऑगस्ट १९९० लवकर लिहा. माझे अब्बा तेव्हा तिकडेच होते.

जुना_परवाना

दापोलीकर, मग तुमच्याकडून ऐकायला हवं. माझी बाजू फक्त ऑफिसातली.

२ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. ३ तारखेला आमचा जिना भरला, पण या वेळी बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी. गुहागरकडची एक आजी मुलाच्या कराराची झेरॉक्स घेऊन पायरीवर बसली होती. तिला वाटत होतं की कागदावर आमचा शिक्का आहे म्हणजे तिचा मुलगा कुठे आहे ते आम्हाला ठाऊक असणार. आमच्याकडे कंपनीचा टेलेक्स नंबर होता, तो मुका झालेला. मालकानं तीन दिवस ऑफिसला तोंड दाखवलं नाही. मी, शिपाई आणि एक अकाउंटंट. आम्ही एक वही केली : नाव, गाव, कंपनी, शेवटचं पत्र कधी. त्या वहीचा कुणाला काही उपयोग झाला का, देव जाणे. पण लिहून घेतलं की माणसं उठून घरी जात होती.

दापोलीकर

अब्बा बसनं बगदाद, तिथून अम्मानच्या वाटेवर सीमेवरच्या छावणीत. पाण्याच्या टँकरमागे रांगा. पुढे एअर इंडियानं अम्मानहून जे उचललं ते सगळ्यांना माहीत आहे : सुमारे पावणेदोन लाख माणसं, ४८८ फेऱ्या. ते उतरले तेव्हा हातात एक पिशवी होती, तीत बहिणीसाठी घेतलेली बाहुली आणि कंपनीचं ओळखपत्र. तीन महिन्यांचा पगार बुडाला. पुढच्याच वर्षी परत गेले, या वेळी मस्कतला.

आई म्हणाली होती, आता इथंच काहीतरी बघा. इथं काय होतं बघायला? आंबा वर्षातून दोन महिने.

रोखठोक

लेख छान, मन हेलावणारा वगैरे. पण एक प्रश्न. लॉजचं मीटर सांगितलंत, टाक्याचं वर्णन केलंत. कामगाराकडून किती घेत होता, ते सांगितलं नाहीत. मी कामगार संघटनेत वीस वर्षं आहे. आखाती भरतीची प्रत्येक गोष्ट तिथूनच सुरू व्हायला हवी.

२०१५ चं केरळातलं प्रकरण आठवत असेल. कुवेतला नर्स पाठवायच्या, नियमानं फी १९,५०० रुपये, आणि एकेकीकडून घेतले १९ लाख ५० हजार. दोन शून्यं वाढवली, बस्स. सीबीआयनं जो गुन्हा नोंदवला त्यात खुद्द प्रोटेक्टरच्या कार्यालयातला अधिकारी होता.

जुना_परवाना

रोखठोक, त्यावर येणारच होतो. टाळत होतो हेही खरं.

१९८३ मध्ये माझा मालक पैसे कंपनीकडून घ्यायचा. माणशी फी, विमानाचं तिकीट त्यांचं, परीक्षकाचं हॉटेलही त्यांचंच. कामगाराकडून किरकोळ. नव्वदीत चित्र फिरलं. मुंबईत एजंट वाढले, तिकडे नेपाळ, बांगलादेशातून स्वस्त माणूस मिळू लागला. आता कंपनीतला माणूस किंवा मधला दलाल आम्हालाच विचारायचा, "व्हिसामागे तू मला काय देणार?" म्हणजे डिमांड विकत घ्यायची. विकत घेतलेली वस्तू कुणी फुकट वाटत नाही. ती रक्कम, गावाकडच्या सब-एजंटचं कमिशन, तिकीट, सगळं उतरत उतरत शेवटी त्या पोराच्या बापाच्या सातबाऱ्यावर.

कायद्यानं आमचा सर्व्हिस चार्ज बांधलेला असतो. २००९ च्या दुरुस्तीनं तो पंचेचाळीस दिवसांचा पगार, पण २०,००० रुपयांच्या वर नाही, असा झाला. आता मर्यादा ३०,००० आणि वर जीएसटी. पावती द्यावीच लागते. आम्ही पावती द्यायचो, नियमातल्या रकमेची. उरलेल्याला धंद्यात 'वरचे' म्हणतात.

मी १९९८ पासून 'वरचे' घेतले. लिहिताना हात जड होतोय, पण घेतले.

२००४ मध्ये करमाळ्याकडचा एक गवंडी आला. सब-एजंटला त्यानं ६५,००० मोजले होते, माझ्यापर्यंत ३८,००० पोचले. करारात ८०० रियाल. तिकडे उतरल्यावर त्याच्याकडून दुसऱ्याच कागदावर सही घेतली, पगार झाला ५५०. हे तेव्हा सर्रास चालायचं, मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. चौदा महिन्यांत तो परत आला. मला वाटलं, शिव्या देईल, चार माणसं घेऊन येईल. त्यानं चप्पल बाहेर काढली, आत आला आणि खिशातून माझीच पावती काढून टेबलावर ठेवली. "साहेब, पावतीवर हायत तेवढं तरी परत द्या."

दिले. पावतीवर होते तेवढेच दिले.

शंकासुर

...

(विनोद सुचत नाहीये.)

मॉरिशसचा_पाहुणा

थोडं मागचं. 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हे पदच इंग्रजांच्या गिरमिटिया काळातलं, म्हणजे करारावर मजूर समुद्रापार नेत त्या काळातलं आहे. मजुरांचं जहाज निघण्याआधी बंदरावरचा हा अधिकारी विचारायचा : तू स्वखुशीनं चाललास ना? पाच वर्षांच्या कराराचं, म्हणजे ॲग्रीमेंटचं, झालं गिरमिट. आपल्या मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, हा निव्वळ योगायोग. पण माझ्या आजोबांना तो आवडायचा.

आमचे पूर्वज रत्नागिरीकडून याच वाटेनं पोर्ट लुईला उतरले. इथं मराठी मंडळी अजून गणपती बसवतात. उतरलेल्या प्रत्येकाची नोंद आणि पुढे फोटोसुद्धा सरकारी दप्तरात आहेत. भरती करणाऱ्या दलालाचा फोटो मात्र कुठे नाही. तुमचा धागा वाचून ते जाणवलं.

कोथरूडचा_कोडर

काका, वेगळ्या टोकाचा प्रश्न. मी नेदरलँड्समधल्या कंपनीसाठी काम करतो, घरी बसून, कोथरूडमध्ये. पण माझ्या पगारपत्रकावर त्या कंपनीचं नावच नाही. तिसऱ्याच एका कंपनीच्या भारतातल्या शाखेचं आहे. पीएफ ती कापते, टीडीएस ती भरते, राजीनामा द्यायचा तर तिला. याला 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' म्हणतात. हाही मनुष्यबळ एजंटच ना?

यातली सगळ्यात गाजलेली कंपनी म्हणजे 'डील'. ॲलेक्स बुआझिझ आणि शुओ वांग, दोघं अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे. तो फ्रेंच, ती चीनमध्ये जन्मलेली आणि सोळाव्या वर्षी अमेरिकेत गेलेली. २०१९ मध्ये वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांना हात देणाऱ्या संस्थेतून सुरुवात केली तेव्हा कल्पना साधी होती : परदेशातल्या कंत्राटी माणसाला पैसे पोचवायचे. मग लक्षात आलं की पैसे पोचवणं सोपं आहे. खरी डोकेदुखी आहे त्या त्या देशातला कामगार कायदा, करार, कर, रजा. म्हणून देशोदेशी स्वतःच्या कंपन्या नोंदवल्या आणि 'तुमचा माणूस कागदावर आम्ही ठेवतो' हे विकायला घेतलं. नंतर कोविड आला आणि जग घरून काम करू लागलं. २०२१ च्या शेवटाला कंपनीची किंमत साडेपाच अब्ज डॉलर, २०२२ मध्ये १२ अब्ज, ऑक्टोबर २०२५ च्या भांडवल उभारणीच्या फेरीत १७.३ अब्ज. मध्ये मार्च २०२५ मध्ये 'रिपलिंग' या स्पर्धक कंपनीनं, 'डील'नं आपल्यात हेर पेरला म्हणून दावा ठोकला. 'डील'नं आरोप नाकारले आणि उलट दावा केला. एकदम हिंदी सिनेमा.

दर त्यांच्या संकेतस्थळावर उघड असतात. कर्मचाऱ्यामागे महिन्याला साधारण ५९९ डॉलर, कंत्राटी माणसामागे ४९. आणि हे पैसे कंपनी देते, मी नाही.

जुना_परवाना

कोडरसाहेब, हे वाचून मी रात्री चहा करून बसलो. माणशी फी, मालकाकडून, दरमहा. हे तर माझ्या माहीमच्या मालकाचं १९८३ चं गणित, फक्त टेलेक्सऐवजी तुमचं ॲप. आणि आमचा माणूस विमानात बसायचा, तुमचा खुर्चीत बसतो.

पण एक सांगा. कंपनीनं उद्या तुम्हाला नको म्हटलं तर नोटिशीचे पैसे कोण देणार, ग्रॅच्युइटी कोण देणार? कागदावरचा मालक की खरा मालक?

कोथरूडचा_कोडर

कागदावरचा. करारात तसं आहे. खऱ्या मालकाकडून वसूल कसं करायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं. माझ्या एका मित्राला असंच काढलं, महिन्याची नोटीस मिळाली, पैसे वेळेवर आले. जो कंत्राटी होता त्याला मात्र एका ईमेलवर संध्याकाळी निरोप. काम दोघांचं एकच होतं.

रोखठोक

जुना_परवाना, कबुलीबद्दल आदर. पण ग्रॅच्युइटीचा प्रश्न तुम्ही त्याला विचारताय, तो तुमच्या धंद्याला कुणी विचारला का?

फिलिपिन्समध्ये १९९५ च्या कायद्यानं परदेशी मालक आणि तिथला स्थानिक एजंट यांची जबाबदारी संयुक्त आहे. सौदीतल्या कंपनीनं पगार बुडवला तर मजूर मनिलातल्या एजंटवर दावा लावतो आणि वसूल करतो. आपल्याकडे तक्रार केली की एजंट म्हणतो, मी फक्त पाठवलं. आणि सरकार? सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडात, आखाती देशांसाठीचं किमान पगाराचं परिपत्रक काढलं, आकडे ३० ते ५० टक्क्यांनी खाली. कारण काय, तर आपल्या माणसांच्या नोकऱ्या टिकाव्यात. ओरड झाली, तेलंगणात कोर्टात गेलं, जुलै २०२१ मध्ये मागे घेतलं. १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा आणायचे मसुदे २०१९ ला आले, २०२१ ला आले.

जुना_परवाना

फिलिपिन्ससारखं इथं असतं तर माझ्या ओळखीतले निम्मे एजंट वर्षभरात बंद पडले असते. त्यात मीही. उरलेल्या निम्म्यांनी दर दुप्पट केले असते, पण मालकांना. बहुतेक तेच बरं झालं असतं.

मी बदललो तो करमाळ्याच्या गवंड्यामुळे, असं लिहिलं असतं तर गोष्ट चांगली दिसली असती. तसं झालं नाही. त्यानंतर सात वर्षं तसंच चाललं. २०११ मध्ये एका युरोपियन ठेकेदाराचं रिफायनरी शटडाउनचं काम मिळालं. शटडाउन म्हणजे रिफायनरी काही आठवडे बंद ठेवून दुरुस्ती. माणसं साठ-नव्वद दिवसांसाठी लागतात, पण पक्की कसबी लागतात आणि पगार उत्तम. त्यांची अट होती, कामगाराकडून एक रुपया घ्यायचा नाही. मी सही केली आणि सवयीनं सब-एजंटांना माणसं आणायला सांगितलं. त्यांचा ऑडिटर विमानतळाबाहेर उभा. बेचाळीस जणांना एकेकट्याला बाजूला घेऊन हिंदीतून विचारलं, "किसको कितना दिया?" पोरांनी खरं सांगितलं.

आठ दिवसांत सगळ्यांचे पैसे परत, नाहीतर काळ्या यादीत. सब-एजंटांनी हात वर केले. विरारचा फ्लॅट विकला, अकरा लाख वाटले. एकेकाची सही, अंगठा, फोटो. त्यातला एक जण पैसे घेताना घाबरला होता, त्याला वाटलं आता नोकरी गेली.

त्यानंतर फक्त मालक पैसे देणार अशीच कामं घेतली. वर्षाला अकराशे माणसं पाठवायचो, तिथं तीनशेही होईनात. बाजारातली मंडळी हसायची. "साधू झालाय," म्हणायची. साधू कसला, भीती होती.

स्टुटगार्टची_सिस्टर

मी मूळची मिरजेची. सहा वर्षं झाली जर्मनीत. माझ्याकडून एजन्सीनं काही घेतलं नाही, हॉस्पिटलनं दिलं. पुण्यात जर्मन शिकायचे नऊ महिने, राहण्याचा खर्च माझा, बाकी त्यांचं. इथं आल्यावर बी-टू ही भाषेची पातळी पार होईपर्यंत आणि पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनिसाचा पगार. आयसीयूत आठ वर्षं काढलेल्या बाईला सकाळी ब्रेडला लोणी लावून द्यायचं काम. रडले मी पहिला महिना.

आणि फुकट काहीच नसतं हो काका. करारात कलम होतं : तीन वर्षांच्या आत सोडलंस तर कोर्सचे आणि तिकिटाचे अमुक युरो परत. माझ्या मैत्रिणीला वॉर्डमध्ये फार त्रास होता, त्या आकड्याकडे बघून ती थांबली. हप्ता असतोच, वही फक्त दुसऱ्याकडे असते.

आता महाराष्ट्र सरकारनं आमच्याच राज्याशी, बाडेन-वुर्टेम्बर्गशी, फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केलाय. सुरुवातीला दहा हजार मुलं पाठवायची, नर्सपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत. केरळनं नोर्का या आपल्या परदेशस्थांसाठीच्या सरकारी संस्थेमार्फत जर्मन रोजगार संस्थेशी असा करार २०२१ च्या डिसेंबरात केला होता. ताईमाईंनो, भाषेचा वर्ग आधी धरा. बी-वन, म्हणजे बी-टूच्या खालची पातळी, नसेल तर बाकी सगळं हवेत.

दापोलीकर

सिस्टर, तुमची ती वहीची ओळ अब्बांना वाचून दाखवली. म्हणाले, "बरोबर बोलते पोरगी."

माढेकर

पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा पुतण्या आयटीआय इलेक्ट्रिशियन. नवी मुंबईतला एक एजंट रोमानियाला पाठवतो म्हणतोय. एकूण एक लाख चाळीस हजार. वीस हजार ॲडव्हान्स दिलाय, गुगल पेनं, एका बाईच्या नावावर. पासपोर्ट घेऊन ठेवलाय. सोशल मीडियावर जाहिरात होती. वरचं सगळं वाचून पोटात गोळा आलाय. काय करू?

जुना_परवाना

माढेकर, आधी शांत व्हा. चार गोष्टी विचारतो.

जाहिरातीत परवाना क्रमांक आहे का? मुंबईच्या क्रमांकात इंग्रजीतलं एमयूएम असतं. तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघा. तिथं कंपनीचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की निलंबित, सगळं दिसतं. पत्ता जुळतो का ते नीट बघा. खऱ्या एजंटचा नंबर चोरून छापणं ही जुनी कला आहे. परवानाधारकाला नोंद नसलेले सब-एजंट ठेवायला कायद्यानं मनाई आहे, त्यामुळे "मी त्यांचाच माणूस" हे उत्तर चालत नाही.

दुसरं, ते तुम्हाला म्हणतील की रोमानियाला क्लिअरन्स लागत नाही. ते खरं आहे. क्लिअरन्स फक्त अठरा देशांसाठी आणि तेही मुख्यतः दहावी न झालेल्यांच्या ईसीआर पासपोर्टला, म्हणजे ज्यावर 'क्लिअरन्स आवश्यक' अशी नोंद असते त्याला. पण भरती करणाऱ्याला परवाना कुठल्याही देशासाठी लागतोच. नेमकी ही मेख ते सांगत नाहीत.

तिसरं, करार बघितलात का? मालकाचं नाव, पगार, वर्क परमिट. 'ऑफर लेटर'चा व्हॉट्सॲपवरचा फोटो म्हणजे करार नव्हे.

चौथं आणि आधी करायचं : पासपोर्ट परत मागा. पासपोर्ट सरकारच्या मालकीचा असतो, खासगी माणसाला तो असा अडकवून ठेवता येत नाही. लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का होईना.

माढेकर

क्रमांक टाकला. नाव निघालं, परवाना चालू आहे. पण पत्ता अंधेरीचा, याचं ऑफिस वाशीला. अंधेरीच्या ऑफिसला फोन केला तर ते म्हणाले, रोमानियाचं आमच्याकडे कामच नाही, आमचा नंबर वापरणारे हे तिसरे.

जुना_परवाना

मग ठरलं. उद्या पुतण्याला घेऊन बीकेसीला विदेश भवनात जा. प्रोटेक्टरचं ऑफिस आता तिथं आहे, आमच्या वेळी सांताक्रूझला खिरा नगरात असायचं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, जाहिरात, चॅट, सगळ्याच्या दोन प्रती. तिथं तक्रार दिली की पोलीस ठाण्यात. अंधेरीवाल्यांना म्हणावं, तुम्हीही तक्रार द्या, नंबर तुमचा चोरीला गेलाय. देतील, परवान्यासाठी सरकारकडे ठेवलेली त्यांची पन्नास लाखांची बँक गॅरंटी अडकलेली असते.

आणि वाशीला एकटे जाऊ नका.

रोखठोक

माढेकर, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. वाशीत आमचे दोन कार्यकर्ते आहेत, सोबत येतील.

शंकासुर

काका, तुमची गॅरंटी सुटली का शेवटी?

जुना_परवाना

सुटली. २०१९ मध्ये परवाना परत केला. वीस लाखांची पन्नास झाली तेव्हाच गणित संपलं होतं. लहान एजंटांसाठी आठ लाखांची सोय आहे, पण शंभरच माणसं पाठवता येतात आणि त्यावर ऑफिसचं भाडं निघत नाही. माझ्यावर कुणाची तक्रार बाकी नाही याची खात्री झाल्याशिवाय रक्कम मोकळी होत नाही. ते पत्र आलं तेव्हा सौ.नं देवापुढे ठेवलं. "तुमच्याविरुद्ध कोणतीही तक्रार प्रलंबित नाही." करमाळ्याच्या माणसानं कधी तक्रार दिलीच नव्हती.

माढेकर

(चार दिवसांनी.) तक्रार दिली. रोखठोक दादांची माणसं सोबत होती. वाशीचं ऑफिस बंद, पण खालच्या झेरॉक्सवाल्याकडे पासपोर्टांचा गठ्ठा ठेवून गेला होता. पोलिसांनी तेवीस पासपोर्ट मोजले. पुतण्याचा मिळाला. वीस हजार गेले.

बाकीच्या बावीस जणांचे फोन नंबर कसे शोधायचे, कुणाला माहीत आहे का?